जळक्या मोटरीची तार

उन्हाळी धानाला पाणी चालू असतं तेव्हा
व्होल्टेज पडतं, आणि पंचक्रोशीतल्या मोटरी
जळून येतात तुळशीरामच्या दुकानात.
तो जुनी वायंडिंग उपसतो, नवी भरतो,
भंगाराच्या पोत्याचं तोंड बांधण्याआधी
एक मूठ तार खिशात टाकतो.
"घे, तुजा सोना."
थट्टाच असते. पण रोज आणतो.

सँडपेपरनं काजळी घासली
की आतून जो रंग निघतो
तो आरमोरीच्या सराफाकडंही नाही,
चैत्रातल्या कोवळ्या मोहपानाचा.
दुसऱ्या दिवशी मावळतोही.
मग चिंच, मीठ, पुन्हा घासणं.

रिफिलवर गुंडाळली की कड्या.
खिळ्याभोवती वळवली की आकडा.
पाच किलोच्या वजनावर ठेवून ठोकली की पान.
हात चुकला की पानाला भोक पडतं,
ते मी तसंच ठेवते.
ऐनाच्या झाडावर कुठलं पान धड असतं?
अळ्यांनी खाल्लेलीच सगळी.

त्या अळ्यांचे कोष शकून देते,
पतंग उडून गेलेले, टोकाला फाटलेले,
ज्यांचा धागा सलग निघत नाही
आणि सोसायटी ज्यांना हात लावत नाही.
ब्लेडनं चिरले की पाकळ्या होतात,
बाहेरून खरखरीत
आणि आतून अशा गुळगुळीत
की कोणी आत्ताच झोपेतून उठून गेलंय.

माती तलावाची, जुन्या ओढणीतून गाळलेली.
मणी वळायचे दिवा लावायच्या जरा आधी,
तेव्हा डोळे कमी आणि बोटं जास्त पाहतात.
भोकाला खराट्याची काडी.
सावलीत तीन दिवस.
पहिल्या खेपेला घाई केली
तर तनसाच्या जाळात फटाफट फुटले सगळे.
सासरे बाजेवरून म्हणाले,
"कोनाचा लगन हाये?"
आता कोंड्यात गाडून भाजते,
धूर आत कोंडला की मणी
पिकल्या करवंदासारखा काळा निघतो.
कधी निघतो. कधी नुसताच मळका.

फुलवंताबाई मासोळी विकते बाजाराच्या दिवशी,
माझ्या टोपलीपासून दोन हातांवर.
पोरगी होती तेव्हा जत्रेच्या गर्दीत
कोणीतरी कानातली बिरी हिसकून पळालं.
पाळीचे दोन भाग झाले, तसेच राहिले.
तेव्हापासून डाव्या कानावर पदर,
आणि तराजू धरतानाही
एक हात त्या पदराला.
पारडं हलतं. गिऱ्हाईक कुरकुरतं.

एकदा माश्या हाकलता हाकलता,
माझ्याकडं न पाहता तिनं विचारलं,
"फाटल्या कानाले काई होते का वो?"

आठ दिवस माझाच कान मापत बसले.
तार वरून, मागून, चष्म्याच्या काडीसारखी.
टोचायची नाही, चिमटायची नाही,
नुसती बसली पाहिजे.
माझ्या कानावर बसायची, तिच्यावरून घसरायची.
शेवटी एका दुपारी, मासे संपल्यावर,
तिनं पदर सरकवला.
मी दोऱ्यानं माप घेतलं
आणि दोऱ्याकडंच पाहत राहिले.

मी पान लहान केलं होतं,
फाटीच्या शेजारी लोंबेल असं,
वर येणार नाही असं.
झाकायचं कशाला, असं मला वाटायचं.
मोटारसायकलच्या आरशात तिनं
मान वळवून वळवून पाहिलं.
"पान मोठा कर. झाकला पायजे."

मोठं केलं.
अळीचं भोकही बुजवलं एक मणी ओवून.

पुढच्या बाजाराला तिनं
दोन्ही हातांनी तराजू धरला.
माझ्या पदरात ओंजळभर झिंगे टाकले, न तोलता.
मी विचारलं, उजव्या कानाचं कधी करू?

"तो धड हाये," ती म्हणाली,
"त्याले काई नाई पायजे."