विस्तव

आगपेटी आगबोटीनं येते
आणि आगबोट पावसाळाभर बंद.
नारळी पुनवेपर्यंत पालशेतच्या बंदरात
नुसत्या लाटा उतरतात.

म्हणून रोज सकाळी करवंटी घेऊन
मी खोतांच्या मागल्या दारी.
आत वालाच्या बिरड्याला नारळाचं दूध,
हळदीच्या पानांत घामेजलेले पातोळे.
भिमाकाकू आलवण सावरत
चिमट्यातला निखारा सोडायच्या
हात लागणार नाही इतक्या उंचावरून.
मडक्यात भाताची पेज, तीही वरूनच.
भात आयनंच कांडलेला;
तिच्या वाट्याला कणी आणि कोंडा.

घरापर्यंत निखाऱ्याला फुंकर घालत यायचं,
पेज सांडायची नाही,
आणि पातोळ्याचा वास वाटेतच टाकून यायचा.
हे तिसरं काम सगळ्यात जड.

आमची चूल तीन दगडांची.
टाकळ्याचा पाला, नाचणीची आंबील,
कधी सुक्या बांगड्याचं एक डोकं, चौघांत.
श्रावण पाळायचा तर
घरात दुसरं काही असावं लागतं.

त्या सोमवारी वाऱ्यानं खोतांचे नळे उडवले.
पाटावर अकरा ब्राह्मण, चुलीत पाणी.
भिमाकाकू आमच्या अंगणात आल्या,
डोक्यावर इरलं, हातात पितळी धुपाटणं.
मी पहिल्यांदाच त्यांचे पाय पाहिले,
चिखलाने भरलेले, आयच्या पायांसारखे.

आयनं बांगड्याचं डोकं बाजूला सारलं,
राख उकरली.
सकाळी त्यांचाच आणलेला निखारा,
आता आमचा झाला होता.
"अग्नीला विटाळ नसतो गो,"
काकू कुणाला तरी म्हणाल्या.
आय काही बोलली नाही. तिनं फुंकर घातली.

त्या दुपारी वरण, भात, खीर
सगळं आमच्या विस्तवावर रटरटलं.
वास कुणाला आला का, माहीत नाही.
ढेकर मात्र खाडीपर्यंत ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी करवंटी पुढे करत
मी विचारलं,
"काकू, अग्नीला नसतो. मग भाताला?"
चिमटा तसाच हवेत राहिला.
मग निखारा पडला,
नेहमीच्याच उंचीवरून.

पेजेच्या तळाशी त्या दिवशी
सात शितं निघाली.
मी मोजली.
घातली होती की निसटली होती,
आज माझ्या नातवंडांना आगकाडी ओढता येते,
तरी माझं काही ठरत नाही.