काडी

तासगावच्या रस्त्याला, शीतगृहामागच्या शेडमध्ये
पट्ट्यावरून बेदाणा येतो,
हिरवा, पिवळा, मध्येच एखादा काळा,
आणि देठाची काडी, इतकी बारीक
की नख लागल्याशिवाय कळत नाही.
मालनकाकू माझ्या उजव्या हाताला बसते.
तेवीस वर्षं तीच जागा, खांबाला टेकून.

यंदा एक जानेवारीला तिला साठ पुरी झाली.
तशा तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायका
एक जानेवारीलाच जन्मल्यात.
कार्ड काढणाऱ्या पोरानं विचारलं, तारीख?
ती म्हणाली, सुगीत कवातरी.
त्यानं एक-एक टाकलं, सालही त्यानंच टाकलं.

सुगीचा पुरावा होत नाही.
भूकंपाचा होत असेल, असं काकूला वाटायचं.
"पहाटं कोयना हालली, उतरंड पडली.
मधल्या गाडग्यात हुलगं व्हतं.
उजाडल्यावर आईनं मलाच बसवलं येचायला.
दोन वर्साच्या पोरीला
कुणी हुलगं येचायला बसवतंय व्हय?"

लग्नात सासऱ्यानं अठरा सांगितली, होती पंधराची.
वय तिचं,
सांगितलं दर वेळी दुसऱ्यानं.

मार्चात आम्ही दोघी कचेरीत गेलो. खाडा पडला.
अर्ज, दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स,
सगळं खताच्या पिशवीत गुंडाळलेलं.
खिडकीतली बाई पन्नाशीची,
टेबलाखाली चपला काढून, सुजलेली पावलं फरशीवर टेकलेली.
कागद तिनं नीट चाळले. मग हळूच म्हणाली,
मावशी, साठीचं आता राहिलं नाही. पासष्ट केलंय.

"मग ही पाच वर्सं मी ठिऊ कुठं?"
काकूनं खरंच विचारलं. भांडायला नाही,
एखादं भांडं कुठं ठेवू विचारावं, तसं.
बाईनं कागद परत दिले.
त्यावर शिक्का नव्हता, तिच्या बोटांचा घाम होता.

स्टँडवर दहाचं भडंग घेतलं. लसणाची पाकळी मला दिली.

शेडमध्ये बायका हसल्या,
"पाच वर्सांनी तरणी झालीस गं मालन, पेढं दे की!"
तीही हसली. पदर खोचला, बसली.

त्याच आठवड्यात मुकादम ओरडला,
एका खोक्यात तीन काड्या निघाल्या, माल परत आला,
पन्नाशीच्या पुढची पट्ट्यावर नको.
काकूकडं बघून म्हणाला नाही.
खांबाकडं बघून म्हणाला.

कचेरीला ती कवळी, शेडला जून.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मला ठाऊक आहे.
पट्टा तिच्याकडून माझ्याकडे येतो.
तिच्या सुटलेल्या काड्या मी उचलते,
दोन बोटांत धरून तिच्याच डब्यात टाकते,
मोजताना तिच्या नावावर पडाव्यात म्हणून.
ती काही बोलत नाही.
दुपारी डब्यातला खर्डा माझ्याकडे सरकवते,
जरा जास्तीच.

मी चाळिशीची. कार्डावर अडतीस.
माझ्या डावीकडे सावळजची एक नवी पोर आलीय,
कानात वायर, हात असे चालतात
की बघताना आपलेच थकावेत.

परवा तिनं मान न वळवता
माझ्यापुढून गेलेली एक काडी उचलली
आणि माझ्या डब्यात टाकली.