कलम सतरा

खय्यूम मिस्त्रीनं सही केली तेव्हा
पेन माझाच होता.
पानं त्यानं उलटलीच नाहीत,
एवढंच विचारलं, "ताई, पहिला हप्ता कधी सुटायलाय?"

"कामावर कोणास इजा झाल्यास,
शेजारील मिळकतीस बाधा पोचल्यास
सर्व जबाबदारी उपकंत्राटदाराची राहील."
हे मीच टाइप केलं.
आधी नुसतं 'कंत्राटदाराची' होतं.
शेठनं पेन्सिलनं वर लिहून दिलं: उप.
दोन अक्षरं.

आमचे इंजिनिअर पोरांना शिकवतात,
स्लॅब भार देतो बीमला, बीम कॉलमला,
कॉलम फुटिंगला, फुटिंग मातीला.
सेलूची माती काळी.
पाण्यात फुगते, चैतात हात जाईल एवढी भेगाळते;
वरचं ओझं तिनं कधी कबूल केलेलं नाही.

पॉलिसी एकतीस मार्चला संपली.
काम लांबलं होतं, नगरपालिकेनं मुदत वाढवून दिली,
विमा कंपनीला कुणी कळवलं नाही.
कुणी म्हणजे मी.
सात हजार आठशे चाळीसचा चेक
शेठच्या टेबलावर, बिनसहीचा,
त्याच्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा.
दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा करायची राहिली.

सहा एप्रिलला, जेवणं झाल्यावर,
टाकीच्या बाजूचं सेंट्रिंग बसलं.
खाली व्यंकटी होता, कंधारकडचा,
सकाळीच उचल मागायला आला होता.
जगला. पाय जगले नाहीत.

संभाजीनगरहून सर्व्हेअर आले.
टेप लावला, बल्ल्या मोजल्या, चहा नको म्हणाले.
"घटनेची तारीख?"
शेठनं माझ्याकडं बघितलं.
हजेरीपट माझ्या हातात,
तीसचा आकडा घालायला जागाही होती.
मी सहा म्हणाले.

खरं बोलले, तर
व्यंकटीचे पैसे गेले,
मग खय्यूमचा मिक्सर गेला, मग मोटारसायकल.
आता तो चालत येतो, जिंतूर नाक्यावरून,
करारनाम्याची झेरॉक्स घेऊन,
कुणाकडून तरी सतरावं कलम वाचून घेतलेलं.
"ताई, हे 'उप' म्हणजे मीच का?"

परभणीचे एक वकील म्हणाले,
मजुराच्या भरपाईत असलं कलम टिकत नाही,
मूळ कंत्राटदार सुटत नसतो,
फक्त कुणीतरी अर्ज करायला पाहिजे.
तो पेन्सिलवाला मसुदा
चार महिने झाले माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.
कोपऱ्याला तेल लागलंय.
अक्षर अजून शेठचंच दिसतं.

उद्या पगार आहे.