हद्द कायम

दोनशे चाळीस पानी रजिस्टर, पाठीला लाल कापड,
अप्पा बळवंत चौकातून आणलेलं.
त्यात एक देश आहे.
अकरा राजे, पैकी दोन आंधळे.
मिठावरचा कर. होड्यांचे परवाने.
तरसोळ नदीनं पात्र कधी बदललं, तिथीसकट.
एका देवीला कावळा का चालत नाही,
त्याची साडेतीन पानं.

दिवसा मी सिटी सर्व्हेत असते.
कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती इंच,
हे सांगण्याचा पगार घेते.
सवय काही संध्याकाळी चपलांसोबत दाराबाहेर राहत नाही.

शनिवारी चौघं येतात. सहकारनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
तन्वीर, जो कायम हातोडीवाला बुटका होतो.
शाल्मली, चोर; दोरी घ्यायला दर वेळी विसरणारी.
कुलदीप, फासे स्वतःचे आणतो, कुणाला हात लावू देत नाही.
आणि गेल्या महिन्यापासून ओवी, शाल्मलीची मामेबहीण,
बार्शीहून क्लाससाठी आलेली,
वीस बाजूंच्या फाशाची वरची बाजू कुठली
हे अजून विचारणारी.

पहिल्या शनिवारी मी पाऊण तास वाचलं होतं.
सातव्या राजापाशी चिवडा संपला.
कुलदीप म्हणाला, "पेपर किती मार्कांचा?"

त्याच्या आदल्या वर्षी उलटं करून पाहिलं होतं.
कोरा कागद मधे ठेवला. जग तुमचं, म्हटलं, जा कुठेही.
तीन तास कुणी कुठेही गेलं नाही.
धर्मशाळेतच बसले,
भाकरीच्या भावावरून घासाघीस करत.

काल धक्क्यावर एक नावाडी उभा केला.
बोलता बोलता म्हणाले: एका पायात वहाण, दुसरा अनवाणी.
का म्हणाले, ठाऊक नाही. वहीत नव्हतं.
"एकच का?" ओवीनं विचारलं.
मी पानं उलटली. मीठ, राजे, कावळा.
एवढं जाड रजिस्टर, आणि त्यात एक वहाण नाही.

"दुसरी माझ्याकडे आहे," ओवी म्हणाली,
"म्हणजे, माझ्या पात्राकडे. आईनं जपून ठेवलेली.
आई याच होडीतून पलीकडे गेली होती."

पान त्रेसष्ट. माझंच अक्षर, दोनदा अधोरेखित:
या धक्क्यावरून कोणत्याही बाईनं नदी ओलांडू नये.
तिसऱ्या राजाचा हुकूम, आजतागायत लागू.

ऑफिसात असते तर लाल पेन उघडलं असतं.
अर्ज नामंजूर, नोंदीशी विसंगत.
इथे मी हुकूम वाचून दाखवला, एवढंच.
खाली कुणाच्या तरी स्कूटरला किक बसत नव्हती.
"मग ती गेली कशी?" तन्वीर. फासा मुठीतच.
"आणि नावाड्याचं काय केलं त्यांनी?" शाल्मली.
कुलदीप काही बोलला नाही.
आपला निळा फासा त्यानं ओवीकडे सरकवला.

दीड वर्ष पान त्रेसष्ट कुणाला लागलं नव्हतं.
काल लागलं, मोडायला.

रात्री ओवीला पेठेत सोडायला गेले.
"फडके हौद चौक," तिनं पाटी वाचली. "हौद कुठाय?"
"नाही."
"मग नाव?"
मी तोंड उघडलं: कात्रजचा तलाव, जमिनीखालचा नळ,
श्वास घ्यायला मधे मधे बांधलेले उच्छ्वास,
कुठल्या पेठेत कुठला हौद,
येतं मला सगळं, सनावळीसकट.
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.
"खालून पाणी जायचं," इतकंच म्हटलं.
पुढच्या चौकापर्यंत आरशात दिसत होती ती,
रस्त्याकडे बघत, मान वाकवून,
जणू ऐकू येईल.

घरी आल्यावर पेन्सिल शोधली. पेन नको.
धक्का. नावाडी. वहाण एक.
कारणाचा रकाना मोकळा.
शेरा: ओवीस विचारणे.

कावळ्याची साडेतीन पानं मात्र राहू दिली.
कुणी विचारणार नाही.
मला आवडतात.