सहाची बॅच

मल्हारगंजात, नमकीनच्या दुकानावर, दुसरा मजला.
खाली लौंग सेवेची कढई तापली
की वर आमची क्रियापदं खोकू लागतात.
मी स्पॅनिश शिकवते.
स्पेन पाहिलेलं नाही. समुद्र एकदाच,
तोही बसच्या खिडकीतून.

पहिल्या दिवशी फळ्यावर 'होला' लिहिते,
सांगते, ह लिहायचा, म्हणायचा नाही.
मागून गोविलकर काका: "ओला? काय, टॉवेल?"

वय एकोणऐंशी. वीज मंडळातून निवृत्त.
कशाला शिकताय विचारलं, तर म्हणाले,
डॉक्टर म्हणतात डोकं चालवा.
शब्दकोडं सोडवत होतो,
तो पेपर आमच्या गल्लीत यायचा थांबला.

'मे गुस्ता' त्यांना एका बैठकीत आलं.
मला आवडतो, मला आवडते, मला आवडतात.
मी काहीच करत नाही,
मी नुसता ताटावर बसलेला,
आवडणं आंब्याकडून चालत येतं.
"हे तर घरचंच," म्हणाले.

अडले ते लिंगापाशी.
एल लिब्रो: तो पुस्तक.
ला मेसा: ती टेबल.
ला लूना: ती चंद्र. इथे रेशमा सेठिया फिसकन हसली.
ला कासा: ती घर.

काकांनी पेन खाली ठेवलं.
"आणि ते?"
ते नाही, काका. दोनच. हिंदीसारखं.
"कधी नव्हतंच?"
होतं. लॅटिनमध्ये होतं. वाटेत गळलं.
"वाटेत," ते म्हणाले.
मग जरा वेळाने, कुणालाच नाही असं:
"नातू म्हणतो, आजोबा, माझा डोका दुखतो.
आधी मी दुरुस्त करायचो.
आता गोळी देतो."

त्या रात्री जाडं व्याकरण काढलं.
बारीक टाइपात, पानाच्या तळाशी सापडलं:
एक 'लो' उरलंय.
माणसाला लागत नाही, वस्तूला लागत नाही,
कुठल्याच नामाला नाही.
विशेषणापुढे येऊन बसतं.
लो बुएनो: जे चांगलं ते.
लो मीओ: जे माझं ते.

गुरुवारी फळ्यावर लिहिलं, लो पेर्दीदो.
आपापल्या भाषेत सांगा.
"खोया हुआ," रेशमा.
"हरवलेला," ओजस, मोबाइलवरून मान न उचलता.
खाली नवा घाणा पडला,
सगळा वर्ग खोकला, मीसुद्धा.
काका चष्मा पुसत होते.

"हरवलेलं."

वहीत लिहिलं, आणि वरचा अनुस्वार
दोनदा गिरवला,
कागदाला पलीकडून टोच येईल इतका.
मग बोट वर:
"ह्याचं अनेकवचन?"
'लो'ला अनेकवचन नसतं, काका.
"असू दे," म्हणाले. "एक पुरे."