अकरा किल्ल्या

अंबडची कंपनी बंद पडली
तशी आमची बिल्डिंग मजल्यामजल्याने हलकी झाली.
सोळांतल्या अकरा दारांच्या किल्ल्या
शेवंता गांगुर्डेच्या मिसळणाच्या डब्यात, हळदीशेजारी.

रविवारी ती एकेक कुलूप काढते,
नळ सोडून बघते, झुरळं झाडते.
भिंतीवरच्या पोरांच्या उंचीच्या रेघा
तेवढ्या पुसत नाही.

पालिकेचा माणूस वहीत लिहीत गेला,
रिकामं. रिकामं. रिकामं.
ती म्हणाली, आधी जिन्यात दिवा द्या साहेब,
मग मोजा.

दिवा आला नाही.
तिनेच आपल्या मीटरवरून वायर ओढली.

काल सटाण्याचं जोडपं आलं.
भाडं विचारलं नाही. पोरगी एवढंच म्हणाली,
पाणी किती वाजता येतं?

शेवंता काही बोलेना.
किल्ली शोधता शोधता
बोटं पिवळी झालेली.