कडेचा तुकडा

जेवायला कुठं जाऊ, विचारतोयस?
मग आधी धक्क्याकडं पाठ फिरव.
ज्या दाराबाहेर जेवणाचे फोटो टांगलेत
तिथं फोटोच खावेत.

गल्ली धर. हात पसरलेस
तर दोन्ही भिंती हाताला लागतील, एवढीच ती रुंद.
वर वाळत घातलेल्या चादरींमधून
जेनोव्हाचं आभाळ दिसेल, चिंधीएवढं.
सुका मासा भिजत घातल्याचा वास आला की डावीकडं.
पुढं एक घड्याळजी होता. आता नाही.
पण तू तिथूनच वळ.

साडेपाचला जा.
लवकर गेलास तर भट्टी नुसती धुमसत असते,
उशिरा गेलास तर उरलेला चुरा
आणि माझ्यासारखे म्हातारे.

चण्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल. बस्स.
पाचवं काय, असं विचारू नकोस,
परका आहेस हे कळेल. तसंही कळेलच म्हणा.
सकाळीच कालवलेलं, वरचा फेस काढलेलं,
कल्हई केलेल्या तांब्याच्या परातीत ओततात,
(परात एवढी, की माझी नात तीत झोपली असती)
आणि लाकडाच्या जाळाशी सरकवतात.
उत्तरेचा वारा असेल तर पापुद्रा कुरकुरतो.
दक्षिणेचा असेल तर गप्प खायचं,
शिव्या वाऱ्याला द्यायच्या, भट्टीला नाही.

भट्टी प्रॉस्पेरोची. म्हणजे, होती.
चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवली मी,
पगाराच्या दिवशी आधी तिथं, मग घरी.
कोलोंबा शर्टाचा वास घेऊन विचारायची,
"किती तुकडे?"
मी म्हणायचो, एक.

मग त्याचे गुडघे गेले, आणि भट्टी त्यानं दिली
यादिराला. ग्वायाकीलची ती, महासागरापलीकडची.
मी भर दुकानात बोललो,
"संपलं आता. या हातांना कसं जमायचं?"
ती लांब आकड्यानं परात फिरवत होती,
अर्धं वळण, थांबून पुन्हा अर्धं.
मान वर केली नाही तिनं.

नऊ वर्षं झाली.
मी खिडकीत बसतो. संध्याकाळी वास
पाच मजले चढून येतो, माझ्यापेक्षा सहज.
वासाला खोटं बोलता येत नाही.
जमलंय तिला.
पहिल्याच हिवाळ्यात जमलं होतं.

तर तू जा. उभ्यानं खा, कागदावरून,
बोटं भाजत असतानाच.
सोबत पांढरी वाईन माग, बुटक्या पेल्यातली, स्वस्तातली.
आणि येताना एक तुकडा आण, कडेचा,
जिथं तेल जळून तांबूस होतं.
अम्पेलिओचं नाव काढू नकोस. म्हण, मलाच हवाय.
मिरी मात्र दुप्पट घालायला सांग.

दुप्पट मिरी अख्ख्या गल्लीत
एकटा मीच खायचो.
ओळखेल ती.
ओळखू दे.